दोन नंबरची कॅव्हिटी

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये
ओजसनं बॉनेट उघडलं, दांडी टेकवली
आणि खोक्यातून काढली नवी नळी,
ॲल्युमिनियमची, तोंड दिसेल अशी,
टोकाला लाल कापडी शंकू, तेलानं ओला.
म्हणाला, बाबा, तुम्ही फक्त टॉर्च धरा.

मी टॉर्च धरली.

कंपनीचा डबा सहज निघेना.
चार क्लिपा, दोन दहाचे बोल्ट,
तिसरा मागं, हाताला लागतो पण दिसत नाही.
सेन्सरचा कनेक्टर तो ओढायला लागला.
ओढू नकोस, म्हटलं, आधी दाब.
फिल्टर वर आला
आणि धायरी ते हिंजवडीची तीन वर्षं
घड्याघड्यांत बसलेली दिसली:
काजळी, नवले पुलाखालची बारीक वाळू,
सावरीच्या कापसाचा पुंजका,
एक पतंग, पंख शाबूत.
ओजसनं फिल्टर फरशीवर आपटला.
कांबळे वहिनींचं मांजर स्कूटरखाली पळालं.
डबा माझ्याकडं दिला. भंगार, म्हणाला.

मी तो उलटा केला.
आत, बरगड्यांच्या मध्ये,
इजेक्टर पिनांच्या गोल खुणांशेजारी
एक आकडा. २.
मान जराशी डावीकडं कललेली.

हा दोन माझा.
भोसरीच्या टूलरूममध्ये, रात्रपाळीला,
कोरायचं मशीन बंद होतं म्हणून
पोलादात हातानं उलटा कोरलेला,
प्लास्टिकवर सुलटा उतरावा म्हणून.
उतरला. कलून उतरला.
देवकुळे साहेबांनी भिंग लावून पाहिलं,
म्हणाले, राहू दे, आतल्या बाजूला कोण बघतंय.

डब्याच्या पोटाला एक आंधळी खोली आहे.
हवा तिच्यातून पुढं कुठंच जात नाही.
बघा, म्हणाला ओजस, कशी जागा वाया घालवतात.
त्या खोलीसाठी
आम्ही साचा अकरा वेळा उतरवला,
अर्धा मिलिमीटर इकडं, दीड तिकडं,
आणि गिऱ्हाइकाचा माणूस
आवाज मोजायचं यंत्र मांडीवर घेऊन
दर वेळी मान हलवायचा:
अजून ऐकू येतंय.
तिचं काम तेवढंच, टर्बोची शीळ गिळणं.
अकरा आठवडे.
त्या मार्चमध्ये ओजसची दहावी होती.
पेपरला सोडायला
मी एकदाही गेलो नाही.

हे काही मी बोललो नाही.
टॉर्च या हातातून त्या हातात घेतली.

गाडी सुरू झाली आणि हेलकावे खायला लागली,
आठशे, चौदाशे, पुन्हा आठशे.
पिवळा दिवा लागला.
ओजस मोबाइलमध्ये उत्तर शोधत बसला.
मी लांब पेचकस घेतला,
मूठ कानाला, टोक सांध्यावर,
सरकत सरकत
वळणापाशी आलो तिथं
बारीक फुत्कार.
क्लॅम्प रबराच्या काठावर चढला होता.
सोडला, खाली बसवला, वर अर्धा आटा.
इंजिन खाली आलं, शांत झालं.
हे कुठं शिकलात?
कामावर, म्हटलं.

दुपारी बोपदेव घाट.
दुसऱ्या गिअरला, चढाच्या वळणावर,
त्यानं पाय दिला
आणि ती आली,
लांब, पातळ, वर वर चढत जाणारी,
पाय सुटताच फुस्स.
ताकद वाढली का, मी विचारलं.
पाच टक्के तरी, म्हणाला.
मला विचाराल तर काहीच नाही,
बॉनेटखालची गरम हवा ओढते, कमीच झाली असेल.
पण मी खिडकीची काच खाली केली.
अकरा आठवडे जिचं तोंड बुजवलं
तिला धड ऐकलं नव्हतं कधी,
यंत्रावरचा काटाच तेवढा पाहिलेला.
पुन्हा दे, म्हटलं.
त्यानं माझ्याकडं पाहिलं
आणि पुन्हा दिला.

संध्याकाळी डबा साबणानं धुतला,
गॅलरीत पालथा वाळवला,
वर मार्करनं लिहिलं:
मूळ डबा. सर्व्हिसिंगला लागेल. फेकू नये.
माळ्यावर सरकवला.

एक दहाचा बोल्ट उरला होता.
तो माझ्या खिशातच राहिला,
आणि सोमवारी
वॉशिंग मशीनमध्ये
तासभर वाजत होता.